सुंदरी, हलगी, बँजो : मोजकीच माणसं वाजवतात अशा वाद्याचे सोबती ऑनलाइन कसे शोधावेत

सोलापुरात तबला किंवा हार्मोनियम शिकणाऱ्याला माणसं शोधत फिरावं लागत नाही. क्लास आहेत, परीक्षा आहेत, भजनी मंडळं आहेत आणि कुठे अडलंच तर यूट्यूबवर धड्यांचा ढीग आहे. सुंदरी वाजवणाऱ्याचं तसं नाही. हलगी मनापासून शिकायला निघालेल्या मुलीचं तसं नाही. आजोबांचा दिलरुबा माळ्यावरून उतरवून त्याच्या तारा कुठे मिळतील हे विचारत फिरणाऱ्याचं तर मुळीच नाही. हा लेख अशांसाठी आहे.

पहिल्याच शोधात काही हाती लागलं नाही की 'आता हे वाद्य वाजवणारं कुणी उरलंच नाही' असं ठरवून गप्प बसणारी माणसं मी पाहिली आहेत. त्याचं मला फार वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा माणसं असतात. ती दुसऱ्या नावाखाली, दुसऱ्या लिपीत, दुसऱ्याच वाद्याच्या घोळक्यात बसलेली असतात. नुसतं वाद्याचं नाव टाकून ती भेटत नाहीत. वाद्याच्या नात्यागोत्यातून आणि वाद्याच्या दुखण्यांमधून भेटतात. पुढे जे काही सांगितलं आहे ते सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

पहिली पायरी : वाद्याची कुंडली मांडा

मोबाइल हातात घेण्याआधी वही घ्या. एका पानावर आपल्या वाद्याबद्दल जे जे माहीत आहे ते लिहा. वाद्याची सगळी नावं, म्हणजे गावाकडचं नाव, पुस्तकातलं नाव, बँडवाले म्हणतात ते नाव. त्याच्या भागांची नावं. ते कशाचं बनतं. आवाज कशातून निघतो : तारेतून, कातड्यातून, फुंकेतून की आघातातून. कोणत्या पट्टीत आहे. सोबत काय वाजतं. कोणत्या प्रसंगी वाजतं.

सुंदरीचं उदाहरण घेऊ, कारण ती आपल्या मातीतली आहे. सनईच्या कुळातलं, पण सनईहून लहान आणि चढ्या आवाजाचं हे वाद्य. त्याची कहाणी अक्कलकोट संस्थानाच्या दरबाराशी आणि सोलापूरच्या जाधव घराण्याशी जोडलेली आहे. सिद्धराम जाधव, चिदानंद जाधव, भीमण्णा जाधव ही नावं घेतल्याशिवाय सुंदरीबद्दल बोलता येत नाही. आता नुसतं 'सुंदरी' टाकून शोधून पाहा. मालिका येतील, साड्या येतील, गाणी येतील, वाद्य कुठेच दिसणार नाही. 'सुंदरी वाद्य सोलापूर' टाकलं की चित्र बदलतं. 'सुंदरी वादन सनई जाधव' टाकलं की आणखी बदलतं. नको असलेला शब्द, समजा 'मालिका', त्याच्याआधी जागा न सोडता वजाचं चिन्ह दिलं की गूगल तो शब्द असलेली पानं गाळून टाकतं. दोन-तीन शब्द त्याच क्रमाने हवे असतील तर ते अवतरणचिन्हांत घाला. एवढ्या दोन युक्त्यांनीही बराच कचरा कमी होतो.

नावाचा घोळ सर्वांत जास्त होतो तो बँजोवाल्यांचा. आपल्याकडे गणपतीच्या आणि लग्नाच्या मिरवणुकीत जो बँजो वाजतो, ज्याच्या तारांवर टंकलेखन यंत्रासारखी बटणं असतात, तो आणि अमेरिकेतला कातडं ताणलेला गोल बँजो यांचा काहीही संबंध नाही. इंग्रजीत 'बँजो' शोधलं की तुम्ही त्या दुसऱ्या वाद्याच्या गर्दीत जाऊन पडता. आपल्या बँजोचं दुसरं नाव बुलबुल तरंग. त्याचं मूळ जपानमध्ये आहे. नागोया शहरात १९१२च्या सुमारास ताइशोगोतो नावाचं बटणांचं तंतुवाद्य निघालं आणि ते फिरत फिरत आपल्याकडे आलं. बलुचिस्तानात त्याच्याच भावंडाला बेंजू म्हणतात आणि तिथे ते मैफिलीचं वाद्य आहे. जपानमध्ये ताइशोगोतो शिकणाऱ्यांचे आजही मोठे समूह एकत्र वाजवतात. ही तीन नावं वहीत उतरवली की सोलापूरच्या बँजोवाल्यासमोर तीन देशांतली वाजवणारी माणसं येतात. त्यांच्याकडे तारांची जाडी, बटणं अडकणं, पिकअप (तारांचा आवाज लाउडस्पीकरकडे नेणारा भाग) बसवणं यांवरची उत्तरं असतात. आपल्याकडे असतो तो मिरवणुकीचा ठेका, आणि तो त्यांना ऐकायचा असतो.

इंग्रजी वर्णलेखनाची यादीही याच पानावर करा. हलगीचं स्पेलिंग 'आय' लावून करतात, 'वाय' लावून करतात, मध्ये जादा 'ए' घालूनही करतात. सनईचं तर विचारूच नका, शहनाई आणि सनई हे दोन उच्चार, आणि दोन्हींची कितीतरी स्पेलिंगं. प्रत्येक रूप वेगळं टाकून बघावं लागतं. काम कंटाळवाणं आहे, पण चुकवू नका.

दुसरी पायरी : वाद्याचे नातलग शोधा

इथे थोडं थांबतो, कारण सगळ्यात जास्त फळ याच पायरीला लागतं.

आपल्या परंपरेत वाद्यांचे चार वर्ग आहेत : तारांची तत, फुंकेची सुषिर, कातड्याची अवनद्ध आणि आघाताची घन. नाट्यशास्त्रापासूनची ही विभागणी आहे. १९१४मध्ये हॉर्नबोस्टेल आणि झाक्स या दोन अभ्यासकांनी वाद्यांना आकड्यांत बसवणारी वर्गवारी प्रसिद्ध केली, आणि जगभरची वस्तुसंग्रहालयं आजही ती वापरतात. तिच्यात दुहेरी पत्तीच्या (फुंकायच्या टोकाला बसवलेली बोरूची पातळ पट्टी म्हणजे पत्ती), आतून निमुळत्या नळीच्या वाद्यांचा आकडा ४२२.११२ असा आहे. सनई त्यात, सुंदरी त्यात, पाश्चात्त्य वाद्यवृंदातला ओबो त्यात, तुर्कस्तानची झुर्ना त्यात, चीनची सुओना त्यात. हा आकडा आणि सोबत इंग्रजीत 'डबल रीड' हे शब्द शोधात टाका. जगातली दुहेरी पत्ती फुंकणारी सगळी मंडळी समोर येऊ लागतात.

तुम्ही म्हणाल, ओबो वाजवणाऱ्याशी माझं काय काम? राग त्याला ठाऊक नाही, मींड त्याला ठाऊक नाही. खरं आहे. पण पत्ती कोरडी पडली की ती चिरते, जास्त भिजली की आवाज बसतो, हवा बदलली की सूर सरकतो, ही दुखणी त्याची आणि तुमची एकच आहेत. एप्रिल-मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पत्तीचे काय हाल होतात हे सनईवाल्याला सांगायला नको. कोरड्या हवेत पत्ती कशात ठेवावी, किती वेळ ओली करावी, किती तासावी यावर या मंडळींनी वर्षानुवर्षं लिहून ठेवलेलं आहे. इंटरनॅशनल डबल रीड सोसायटी ही ओबो आणि बॅसून ही दुहेरी पत्तीची वाद्यं वाजवणाऱ्यांची संस्था १९७१पासून आहे आणि पत्ती बनवण्यावरचं बोलणं हा तिथला कायमचा विषय आहे. त्यांची पत्ती वेगळ्या बोरूची असते, मापं वेगळी असतात. ती तशीच्या तशी उचलू नका. चाकू कसा धरायचा, कुठे तासलं की कुठला स्वर मोकळा होतो, हे मात्र घेण्यासारखं आहे.

जवळचा नातलग हवा असेल तर दक्षिणेकडे बघा. नादस्वरम वाजवणारे तामिळनाडूत मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या पत्तीला सीवाळी म्हणतात. नरसिंगमपेट्टै इथल्या नादस्वरमला २०२२मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा त्या कारागिरांवर व्हिडिओ आणि लेख बरेच निघाले. त्या व्हिडिओंखाली कारागिरांपर्यंत पोचवणारी माणसं भेटतात.

हलगीचं नातं तर आपल्या गावातच बोललं जातं. कन्नडमध्ये ती हलगे, तेलुगूत तिच्या भावंडाला डप्पु, तामिळमध्ये परै. सोलापूरइतकी सोय दुसऱ्या कुठल्या गावाला नसेल, कारण इथे मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच बाजारात ऐकू येतात. पूर्व भागातल्या तेलुगूभाषक मित्राला 'डप्पु' त्याच्या लिपीत टाइप करून द्यायला सांगा. अक्कलकोटकडच्या कन्नड बोलणाऱ्या मैत्रिणीला 'हलगे वाद्य' लिहायला सांगा. तेही जमत नसेल तर मोबाइलच्या कीबोर्डमध्ये ती भाषा जोडून बोलून शोधता येतं, लिपी यावी लागत नाही. मराठीत एका पानावर संपलेला शोध तेलुगूत सुरू होतो. तामिळनाडूत परैचे वर्ग, पथकं आणि कार्यशाळा आहेत, मुलींची पथकं आहेत, आणि या वाद्याकडे पाहण्याची जुनी हेटाळणीची नजर बदलण्याचं काम तिथे मोठ्या जिद्दीने झालं आहे. हलगी शिकणाऱ्या सोलापूरच्या मुलीला ही माणसं भेटायलाच हवीत असं मला मनापासून वाटतं.

चौंडकं वाजवणाऱ्यांनी कर्नाटकातल्या यल्लम्माच्या परंपरेतली चौडिके शोधावी. दिलरुबावाल्यांनी पंजाबीकडे वळावं. शीख कीर्तनात तंतुवाद्यं पुन्हा आणण्याची चळवळ जोरात आहे, तिथे या वाद्यांना 'तंती साज' म्हणतात, आणि भारताबाहेरची शीख तरुण मंडळी दिलरुबा आणि ताऊस ऑनलाइन शिकतात. तारांचे संच, गज, घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) यांची चर्चा तिथे रोज चालते.

तिसरी पायरी : दुखणं टाकून शोधा

वाद्याचं नाव आणि अडचण एकत्र टाका. 'पावसाळ्यात संबळाचं कातडं सैल', 'सनईच्या पत्तीला बुरशी', 'बुलबुल तरंग तार तुटते'. असं शोधलं की जाहिराती मागे पडतात आणि खरोखर वाजवणारी माणसं पुढे येतात, कारण असले प्रश्न फक्त वाजवणाऱ्यालाच पडतात. उत्तर देणाऱ्याचं नाव टिपून ठेवा. तोच माणूस आणखी दोन ठिकाणी उत्तरं देताना दिसला, तर तो जिथे बसतो तिथे तुम्हीही बसा.

चौथी पायरी : यूट्यूबच्या तळघरात उतरा

लाखो लोकांनी पाहिलेले व्हिडिओ सोडून द्या. त्यांच्याखाली 'अप्रतिम', 'व्वा', हात जोडलेले इमोजी, एवढंच असतं. काही शे लोकांनी पाहिलेला, कोणीतरी लग्नात किंवा देवळात हातात मोबाइल धरून घेतलेला व्हिडिओ शोधा. त्याखालच्या चार प्रतिक्रियांपैकी एखादी अशी असते : 'हे वाजवणारे आमचे काका, मुक्काम अमुक.' शोध तिथून सुरू होतो. शोधताना गाळणी लावून 'अपलोडची तारीख' निवडा, म्हणजे सध्या कोण वाजवतंय ते दिसेल. मग एखाद्या वाहिनीच्या पानावर जाऊन तिथले सगळ्यात जुने व्हिडिओ बघा, म्हणजे घराणी दिसतील.

यात्रेच्या काळात हे काम सोपं होतं. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते. त्या दिवसांत हलगी, सनई, संबळ, बँड असे व्हिडिओ भराभर चढतात. नवरात्रात तुळजापूरकडून संबळाचे आणि गोंधळाचे येतात. आषाढीत पंढरपूरकडून पखवाजाचे. या तिन्ही काळांत दहा-पंधरा मिनिटं रोज दिलीत तर वर्षभर पुरतील इतकी नावं मिळतात. प्रतिक्रिया लिहिताना 'छान' लिहून थांबू नका. 'दुसऱ्या मिनिटाला तुम्ही ठेका बदललात, तो कोणता?' असं विचारा. विचारणारा वाजवणारा आहे हे समोरच्याला लगेच कळतं.

संगीत नाटक अकादमीच्या आणि प्रसार भारतीच्या वाहिन्यांवर जुनी ध्वनिमुद्रणं आणि चित्रफिती आहेत. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं १९८२मध्ये सुरू झालेलं संगीत संग्रहालय आता गुरुग्रामला आहे. मुंबईत १९९०मध्ये सुरू झालेली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांची संस्था आहे. संग्राहक वाजवत नसतात, पण कोणत्या तबकडीवर कोण वाजलं आहे हे त्यांना पाठ असतं. विसरलेल्या वाद्यासाठी त्यांच्याइतका चांगला वाटाड्या नाही.

पाचवी पायरी : कुठला कट्टा कशासाठी

फेसबुकवरचे समूह वयाने मोठ्या वादकांसाठी, कारागिरांसाठी आणि जुनी वाद्यं विकणाऱ्या-घेणाऱ्यांसाठी चांगले. तिथलं जुनं बोलणं समूहाच्या आतल्या शोधखिडकीतून सापडतं, म्हणून प्रश्न विचारण्याआधी तिथे आपला प्रश्न टाकून बघा.

व्हॉट्सअॅप समूह जिव्हाळ्याचे, पण जुनं बोलणं वाहून जातं, नव्याने आलेल्याला ते सहसा दिसत नाही, आणि सुप्रभातच्या चित्रांत कामाचा प्रश्न बुडतो. सदस्यमर्यादा १०२४ आहे, पण वाद्याच्या समूहाला इतकी माणसं लागतही नाहीत. टेलिग्रामवर मोठ्या ध्वनिफिती आणि पुस्तकं साठवता येतात, म्हणून शिकवणारे तिथे असतात. रेडिटवर भारतीय शास्त्रीय संगीताचा 'आयसीएम' नावाचा इंग्रजी कट्टा आहे. तिथे परदेशात वाढलेली भारतीय मुलं पुष्कळ भेटतात आणि त्यांचे प्रश्न चांगले असतात. डिस्कॉर्ड तरुणांचं. इन्स्टाग्राम माणूस सापडण्यासाठी उत्तम, चर्चेसाठी निरुपयोगी.

एखादा समूह जिवंत आहे की नाही हे ओळखायला सदस्यसंख्या पाहू नका. शेवटचा प्रश्न कधी आला आणि त्याला उत्तर मिळालं का, ते पाहा. पाच हजार सदस्य आणि नुसत्या क्लासच्या जाहिराती असतील तर बाहेर पडा. साठ माणसं असतील, पण काल कोणी पत्तीचा फोटो टाकला आणि आज त्यावर तिघांनी मत दिलं असेल, तर तिथेच मुक्काम करा.

आणि एक कट्टा ऑनलाइन वाटत नाही, पण सगळ्या कट्ट्यांचं दार तोच आहे : कारागीर. पंढरपूरहून पुढे गाडीने मिरजेला जा. तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तंतुवाद्य दुरुस्तीला देताना कारागिराला विचारा, 'असं वाद्य आणखी कोण आणतं?' त्याच्या मोबाइलमध्ये अख्ख्या महाराष्ट्रातले वादक असतात. कातडं मढवणारा, सनईच्या पत्त्या देणारा, बँजोची बटणं बसवणारा, कोणीही असो, त्याला हाच प्रश्न विचारा. तुमचा नंबर पुढच्या गिऱ्हाइकाला देण्याची मुभा त्याला देऊन या. त्या गिऱ्हाइकाचा नंबर मात्र त्याच्याकडे मागू नका.

सहावी पायरी : आत गेल्यावर आठवडाभर गप्प बसा, मग नीट बोला

आधी नियम वाचा, कोण काय बोलतं ते बघा, जुने प्रश्न चाळा. मग पहिला संदेश लिहा. 'मला सनई शिकायची आहे, कोणी मदत करेल का?' याला उत्तर मिळत नाही, कारण मदत नेमकी कशात करायची हे कोणाला कळत नाही. असं लिहून पाहा :

'नमस्कार. मी सोलापूरचा. दोन वर्षांपासून सनई शिकतो, वाद्य काळी एकचं आहे. तार सप्तकाच्या गंधारावर पत्ती किंचाळते, मध्य सप्तकात ठीक आहे. पत्तीचा फोटो आणि वीस सेकंदांचं ध्वनिमुद्रण जोडलं आहे. हा दोष पत्तीचा वाटतो की माझ्या ओठांचा? कोणी ऐकून सांगितलं तर आभारी राहीन.'

यात माणूस आहे, वाद्य आहे, दुखणं आहे, पुरावा आहे. उत्तर देणाऱ्याला पाच मिनिटांत उत्तर देता येतं.

इंग्रजीत विचारताना पट्टीची भाषा बदलावी लागते, नाहीतर परदेशातल्या माणसाला काही कळत नाही. पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प, पांढरी दोन डी, काळी दोन डी शार्प, पांढरी तीन ई, पांढरी चार एफ, काळी तीन एफ शार्प, पांढरी पाच जी, काळी चार जी शार्प, पांढरी सहा ए, काळी पाच ए शार्प, पांढरी सात बी. हे वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. सा म्हणजे अमुक स्वर, एवढं एक वाक्य संदेशात घातलं की अर्ध्या शंका मिटतात. इंग्रजी येत नसेल तर भाषांतराच्या अॅपवर मराठीतून लिहा, पण वाक्यं छोटी ठेवा आणि वाद्याच्या भागांची नावं तशीच राहू द्या, कारण 'घोडी' आणि 'पत्ती' यांचं अॅप काय करेल याचा भरवसा नाही. फोटोवर बाण काढून दाखवलं तर भाषेची गरजच कमी होते.

ध्वनिमुद्रणाचंही नीट जमवा. सनई, सुंदरी, हलगी ही मोकळ्या मैदानाची वाद्यं. मोबाइल तोंडाशी धरला की आवाज फाटतो. वाद्यापासून आठ-दहा फुटांवर, पडदे आणि गादी असलेल्या खोलीत ठेवा. पंखा बंद करा. आधी एक लांब सा, मग सावकाश आरोह-अवरोह, मग जिथे अडतं ती जागा. कोणताही इफेक्ट लावू नका. व्हॉट्सअॅपवर पाठवताना व्हिडिओ म्हणून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे तो दाबला जात नाही. झूमवर शिकत असाल तर सेटिंगमध्ये संगीतकारांसाठी मूळ आवाज ठेवण्याची सोय आहे, ती चालू करा. ती बंद असेल तर झूमला तंबोरा आणि सनईचा धरलेला सूर गोंगाट वाटतो आणि ते तो पुसून टाकतं.

उत्तर मिळालं, उपाय केला, फरक पडला किंवा नाही पडला, तर परत येऊन सांगा. बहुतेक जण हे करत नाहीत. जो करतो त्याला पुढच्या वेळी मंडळी आपणहून विचारतात, 'मग, पत्तीचं काय झालं?'

जपून चालायच्या जागा

दुर्मीळ वाद्याच्या नावाखाली पैसे उकळणारे असतात. 'शेवटचा नग आहे, आधी अर्धे पैसे पाठवा' म्हटलं की थांबा. व्हिडिओ कॉलवर वाद्य वाजवून दाखवायला सांगा. आणि त्या वाद्याशेजारी तुमचं नाव लिहिलेला कागद ठेवायला सांगा. खरा विकणारा यावर रागावत नाही. हस्तिदंत किंवा संरक्षित प्राण्यांचं कातडं, शिंग असलेली जुनी वाद्यं विकत घेऊ नका, पाठवू नका, त्यावर वन्यजीव कायद्याची बंधनं आहेत.

गुरूंचा किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांचा आवाज टाकण्याआधी त्यांना विचारा. काही बंदिशी, काही देवाचे ठेके बाहेर द्यायचे नसतात. तो मान ठेवावा. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हलगी, संबळ, सनई ही वाद्यं आज 'दुर्मीळ' म्हणून आपल्याला आकर्षक वाटतात, पण ती ज्या समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या वाजवली त्यांना त्यासाठी मान मिळाला नाही, अनेकदा उलटच मिळालं. त्या घरातल्या कोणाकडून एखादा ठेका शिकलात तर व्हिडिओवर त्यांचं नाव त्यांच्या संमतीने ठळक लिहा. कार्यक्रमाचे पैसे मिळाले तर त्यातला वाटा द्या. मुलाखत घ्यायला गेलात तर त्यांच्या वेळेचं मोल करा. ऑनलाइन समूहात 'अमुक ठेका मी शोधून काढला' असं लिहिणारे दिसतील. तिथे सौम्यपणे, पण न चुकता विचारा, 'कोणाकडून?'

शोधूनही नाही मिळालं तर

मग तुम्हीच सुरू करा. त्यासाठी फार माणसं लागत नाहीत. एक वाजवणारा, एक बनवणारा किंवा दुरुस्त करणारा, आणि एक नुसता ऐकणारा, पण टिपून ठेवणारा. तिसरा माणूस फार महत्त्वाचा, समूह तोच टिकवतो.

नावात कल्पकता दाखवू नका. 'सूरसंगम' नावाच्या समूहात काय चालतं हे कोणाला कळणार? 'सुंदरी आणि सनई वादक, सोलापूर' असं सरळ नाव द्या आणि वर्णनात पहिल्या पायरीतली सगळी नावं, सगळी स्पेलिंगं आणि नातलग वाद्यांची नावं घाला. उद्या विजापूरचा किंवा हैदराबादचा कोणी त्याच्या शब्दांत शोधेल तेव्हा त्याला तुम्ही सापडायला हवेत.

चर्चा व्हॉट्सअॅपवर होऊ द्या, पण कामाचं उत्तर तिथे राहू देऊ नका. कोणी पत्ती बांधायची रीत सांगितली, कातडं ताणायची युक्ती सांगितली, की त्या तिसऱ्या माणसाने ती सांगणाऱ्याच्या नावासह एका सामायिक दस्तऐवजात उतरवावी आणि दुवा समूहाच्या वर्णनात ठेवावा. फोटो आणि ध्वनिमुद्रणं टाकायला सर्वांची तयारी असेल तर विकिमीडिया कॉमन्स ही चांगली जागा आहे, तिथून ती विकिपीडियाच्या लेखांत वापरता येतात. तिथे टाकलेलं कोणालाही वापरता येतं हे मात्र वादकाला आधी समजावून सांगा.

महिन्यातून एकदा सगळ्यांनी एकच छोटी गोष्ट वाजवून टाकायची, एवढा एक पायंडा पाडा. एकच धून, एकच ठेका, प्रत्येकाच्या वाद्यावर. नवख्याला लाज वाटू नये म्हणून सुरुवात अनुभवी माणसाने साध्या, न सजवलेल्या वादनाने करावी. वर्षातून एकदा प्रत्यक्ष भेटा. गड्ड्याच्या दिवसांत बाहेरगावची मंडळी तशीही सोलापुरात येतात, तेव्हा हिराचंद नेमचंद वाचनालयाच्या आसपास कुठेही दोन तास बसता येईल. तिथे होणारं वादन ध्वनिमुद्रित करताना फाइलला मोबाइलने दिलेला आकडा तसाच ठेवू नका. वाद्य, वादकाचं नाव, गाव, तारीख, पट्टी आणि वाजवलेला ठेका किंवा राग, याच क्रमाने नाव द्या आणि ते त्याच रात्री करा.